स्पाउस व्हिसासाठी चिनी कागदपत्रांचं भाषांतर आणि नोटरी

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला माणूस चीनमधल्या आपल्या बायकोला किंवा नवऱ्याला कायमचं तिकडे न्यायला निघाला की जे चिनी कागद जोडावे लागतात, म्हणजे लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, गुन्ह्याची नोंद नसल्याचं पोलिसांचं पत्र, आधी घटस्फोट झाला असेल तर तो कागद, ते इंग्रजीत करून शिक्क्यासकट सादर करायची ही सगळी भानगड. यात भाषांतर वेगळं आणि नोटरी वेगळी, एक ऑफिस एक मागतं आणि दुसरं दुसरंच, आणि लोक दोन्ही एकच समजून एकतर उगाच पैसे घालवतात नाहीतर ऐनवेळी अडकतात.

पहिला टप्पा यूएससीआयएसचा, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा, तिथे जोडीदारासाठी आय-१३० हा फॉर्म भरायचा. इथला नियम अगदी साधा आहे. परक्या भाषेतल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर पाहिजे, आणि ज्याने ते केलंय त्याने सही करून लिहून द्यायचं की हे पूर्ण आहे, बरोबर आहे आणि मला हे भाषांतर करण्याइतकी भाषा येते. बस. नोटरी लागत नाही, सरकारमान्य ट्रान्सलेटर लागत नाही, चिनी आणि इंग्रजी नीट येणारा मित्रसुद्धा चालतो. नवऱ्याने स्वतःच भाषांतर करून खाली सही ठोकलेली मात्र बरी दिसत नाही, ज्याचा अर्ज त्याचीच साक्ष म्हटल्यावर ऑफिसर भुवया उंचावणारच.

खरी मेख 'पूर्ण' या शब्दात आहे. चीनमध्ये लग्नाचा दाखला म्हणजे लाल पुस्तिका, नवरा-बायकोला एकेक मिळते, आत दोघांचा एकत्र फोटो, नोंदणी क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का. भाषांतर करणारा नावं आणि तारखा उतरवतो आणि शिक्क्यातली अक्षरं, छापील मजकूर, कोऱ्या राहिलेल्या रकान्यांची शीर्षकं सोडून देतो. मग अर्धवट भाषांतर म्हणून जादा पुरावे मागणारं पत्र येतं आणि केस तिथेच लटकते. शिक्का आहे तिथे 'गोल लाल शिक्का, अमुक शहराचं नागरी व्यवहार खातं' असं लिहायला दोन मिनिटं लागतात, ती घालवावीत.

दुसरा टप्पा नॅशनल व्हिसा सेंटर, म्हणजे मुलाखतीआधी कागद गोळा करणारं अमेरिकन सरकारचं ऑफिस, आणि त्यानंतर दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोचं अमेरिकन कॉन्सुलेट. मेनलँड चीनमधले, म्हणजे हाँगकाँग आणि तैवान सोडून, सगळे इमिग्रंट व्हिसा तिथूनच होतात, माणूस बीजिंगचा असो की शांघायचा. इथे मात्र नुसतं मित्राचं भाषांतर चालत नाही, गोंगझेंगशू पाहिजे, म्हणजे चिनी नोटरी ऑफिसने काढलेली प्रमाणपत्राची पुस्तिका. आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले वकीलसाहेब, स्टॅम्प आणि रजिस्टरमधली सही डोळ्यासमोर येते, चीनमध्ये तसं नाही. तिथे त्यासाठी वेगळी नोटरी ऑफिसं असतात, १ मार्च २००६ पासून लागू झालेल्या नोटरी कायद्याखाली चालतात, आणि नोटरीने कागदाची शहानिशा करून मग प्रमाणपत्र द्यायचं असतं. पुस्तिकेत मूळ कागदाची प्रत, नोटरीचा चिनी मजकूर आणि त्याचं इंग्रजी भाषांतर एकत्र शिवलेलं असतं. अमेरिकेसाठी आणखी एक प्रमाणपत्र जोडतात, भाषांतर मुळाशी जुळतं असं सांगणारं, म्हणून अर्ज करतानाच 'अमेरिकेसाठी' हे सांगायचं. आणि स्कॅन करायच्या नादात पुस्तिका उसवायची नाही.

जन्माच्या दाखल्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. चीनमध्ये देशभर एकसारखा वैद्यकीय जन्मदाखला १ जानेवारी १९९६ पासून सुरू झाला, त्याआधी जन्मलेल्यांकडे बहुतेक वेळा तो नसतोच. मग नोटरी हुकोउवरून, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नोंदी असलेल्या पुस्तिकेवरून, किंवा आईवडिलांच्या नोकरीच्या ठिकाणच्या फाइलवरून जन्माचं प्रमाणपत्र तयार करतो. शिक्का कितीही लाल असला तरी त्यामागचा आधार तेवढाच, त्यामुळे अमेरिकन परराष्ट्र खातं असल्या प्रमाणपत्रांकडे दुय्यम पुरावा म्हणूनच बघतं. नात्याबद्दल शंका यायची शक्यता असेल तर जुनं हुकोउ, शाळेचे कागद, फोटो जवळ ठेवावेत. बायको आधीच अमेरिकेत असेल तर तिने अधिकारपत्र देऊन गावाकडच्या नातेवाइकाला नोटरीकडे पाठवायचं, हा नेहमीचा मार्ग.

पोलिसांचं पत्र स्थानिक पोलीस ठाण्यातून घ्यायचं आणि मग त्याची नोटरी करायची. १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या अर्जदारांना ते लागतं आणि साधारण दोन वर्षं चालतं, केस रखडली तर परत काढा.

नावांचे घोळ वेगळेच. चिनी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे तो एक ताप वाचतो, पण ल्यू हे आडनाव जुन्या पासपोर्टवर एका स्पेलिंगने आणि नव्यावर दुसऱ्या असं होऊ शकतं, आणि भाषांतरात तिसरंच आलं तर संपलंच. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टची झेरॉक्स आधीच द्यावी. कागद तैवानचा असेल तर वर्ष मिंगुओ, म्हणजे तैवानच्या स्वतःच्या कालगणनेचं असतं, त्यात १९११ मिळवायचे, म्हणजे ७९ म्हणजे १९९०. हाँगकाँगची गोष्ट निराळी, तिथले दाखले बहुतेक द्विभाषिक असतात.

बाकी देशांचं थोडक्यात. ब्रिटनला भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क पाहिजे, ऑस्ट्रेलियात राहून करत असाल तर नाती या संस्थेचा मान्यताप्राप्त ट्रान्सलेटर लागतो, आणि कॅनडात घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही. अपोस्टिल, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून करारानुसार लावायचं प्रमाणपत्र, तेही मध्येच कानावर येतं, कारण चीनमध्ये तो करार ७ नोव्हेंबर २०२३ ला लागू झाला. अमेरिकन स्पाउस व्हिसाला त्याची गरज नाही. भारत आणि चीन यांच्यात मात्र तो लागू नाही, तेव्हा चिनी बायकोला घेऊन पुण्याला परत यायचा बेत असेल तर लग्नाच्या दाखल्यावर दूतावासाकडून जुन्या पद्धतीचं अटेस्टेशनच करून घ्यावं लागतं.

राहिलं वीचॅट, म्हणजे चिन्यांचं चॅटिंगचं ॲप. नातं खरं आहे हे दाखवायला लोक चॅटचे ढीगभर स्क्रीनशॉट लावतात आणि विसरतात की पूर्ण भाषांतराचा नियम त्यांनाही लागू आहे. त्यापेक्षा वेगवेगळ्या महिन्यांतली मोजकी पानं निवडावीत, तारीख दिसेल अशी, लग्नाची तयारी, आजारपण, पैशाचं बोलणं असं काहीतरी ठोस असलेली, आणि तेवढ्यांचंच भाषांतर करावं. ॲपमधलं ऑटो-ट्रान्सलेट तसंच चिकटवू नये, कारण त्याच्याखाली सही करायला कोणीतरी माणूस लागतोच.