पार्श्वभूमी: व्हिडिओ कलावंतांची मुक्त साधने आणि त्यांच्याखालचा थर

प्युअर डेटा, जेम, प्रोसेसिंग, ओपनफ्रेमवर्क्स, केडेनलाइव्ह, ब्लेंडर, हायड्रा. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या व्हिडिओ कलावंतांच्या तोंडी ही नावे नेहमी असतात. त्यांचा इतिहास सांगताना बहुतेक जण एकेका प्रोग्रॅमची जन्मकथा सांगतात: कुणी सुरू केला, कुठे, कधी. पण या साधनांचे बरेवाईट बऱ्याचदा त्यांच्या खालच्या थरात ठरले. व्हिडिओ फाइल उघडणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड), चित्र पडद्यावर नेणारी ग्राफिक्स यंत्रणा, हे सगळे बांधून देणारे लिनक्सचे पॅकेज, त्या प्रत्येकाचा परवाना. तिथे निर्णय होत असताना कलावंताला सहसा कुणी विचारले नाही. म्हणून या टिपणाचा रोख त्या थराकडे आहे.

आधीचा काळ थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या एका संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स या प्रोग्रॅमची सुरुवात झाली. पडद्यावर चौकोन मांडायचे, ते रेघांनी जोडायचे आणि त्या जोडणीलाच प्रोग्रॅम म्हणायचे, ही पद्धत तिथून रुळली. १९९० मध्ये मॅक्स विक्रीला आले. मॅक्सच्याच मूळ लेखकाने १९९६ च्या सुमारास सॅन डिएगोत प्युअर डेटा लिहिले आणि ते बीएसडी परवान्याखाली सर्वांना खुले ठेवले. लवकरच ओपनजीएल या ग्राफिक्स यंत्रणेवर चालणारे जेम त्याला येऊन मिळाले आणि ध्वनीसाठी घडलेल्या पॅचमधून, म्हणजे त्या चौकोनांच्या जोडणीतून, चित्रही हलू लागले. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रोसेसिंग सुरू झाले, २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सी प्लस प्लसवर आधारलेले ओपनफ्रेमवर्क्स.

या साधनांचा स्वतःचा कोड खुला असला, तरी व्हिडिओ फाइल उघडायला त्यांना दुसऱ्याच्या दारात जावे लागे. प्रोसेसिंगची व्हिडिओ लायब्ररी कित्येक वर्षे क्विकटाइम या व्हिडिओ यंत्रणेच्या जावा जोडणीवर उभी होती. ती जोडणी ॲपलच्या मालकीची, आणि लिनक्सवर नाहीच. म्हणजे वर्गात सगळ्यांना तोच कोड दिला तरी लिनक्सवाल्या विद्यार्थ्याचे घोडे व्हिडिओपाशी अडायचे. ॲपलने ती जोडणी वाऱ्यावर सोडल्यावर प्रोसेसिंगला तळ बदलावा लागला. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिथे जीस्ट्रीमर ही मुक्त व्हिडिओ यंत्रणा आली. चौकोन जोडून चित्रे घडवणाऱ्या ॲपलच्या क्वार्ट्झ कंपोझरचेही असेच झाले. २००५ पासून ते मॅकसोबत फुकट मिळायचे आणि व्हीजे मंडळींनी (कार्यक्रमात थेट व्हिडिओ मिसळणाऱ्यांनी) त्यावर अख्खे संच उभारले होते. पण ते मुक्त नव्हते. २०१९ मध्ये कंपनीने ते मोडीत काढले, तेव्हा दुसऱ्या कुणाला पुढे चालवायला कोडच हाती नव्हता.

उलट दिशेचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये २००३ पासून मुक्त साधने वापरणारे आणि लिहिणारे व्हिडिओ कलावंत एकत्र जमू लागले. प्रत्येकाचा स्वतःचा मिक्सर, प्रत्येकाचे स्वतःचे इफेक्ट, आणि एकाचा इफेक्ट दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये चालत नसे. त्या बैठकांतून फ्रायझिरो नावाचा एक छोटा करार तयार झाला. इफेक्टने एक फ्रेम घ्यायची, वेळ घ्यायची, काही पॅरामीटर घ्यायचे आणि एक फ्रेम परत द्यायची. आकडी पॅरामीटर ० ते १ च्या दरम्यान, फ्रेमची रुंदी आणि उंची ८ च्या पटीत, दर पिक्सेलला ३२ बिट. प्लगइनचे प्रकार मोजके: चित्र निर्माण करणारा, चित्र बदलणारा, दोन किंवा तीन चित्रे मिसळणारा. खिडक्या, बटणे, आवाज यांतले काहीही करारात घेतले नाही, आणि म्हणूनच तो टिकला. आज केडेनलाइव्ह किंवा शॉटकटमध्ये इफेक्टची यादी उघडली तर त्यातले बरेचसे फ्रायझिरोचे असतात. खालच्या थराचा एक तुकडा तरी कलावंतांनी स्वतःच्या गरजेतून घडवला, याचा हा पुरावा आहे.

आता एफएफएमपेग या व्हिडिओ लायब्ररीच्या फुटीकडे. या विषयावरच्या लेखांत तिला जेमतेम एखादी ओळ मिळते. पण २०११ ते २०१५ या काळात लिनक्सवर व्हिडिओ करणाऱ्याला जो त्रास झाला, त्यातला मोठा भाग त्या फुटीतून आणि विशेषतः डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या (तयार बांधून मिळणाऱ्या लिनक्स संचाच्या) एका निर्णयातून आला.

एफएफएमपेग २००० मध्ये एका फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केले. काही वर्षांत सूत्रे दुसऱ्याकडे गेली. दशक संपेपर्यंत जवळपास कुठलीही व्हिडिओ फाइल वाचणारी मुक्त लायब्ररी म्हणजे हीच, अशी स्थिती झाली. जीस्ट्रीमर, केडेनलाइव्हखालचे एमएलटी, ब्लेंडर, सगळे थेट किंवा वळसा घेऊन तिच्यापर्यंत पोचत. आतमध्ये मात्र धुसफूस होती. सुधारणा तपासायची शिस्त नाही, आवृत्त्या वेळेवर निघत नाहीत, एकाच माणसाच्या हाती फार काही आहे, अशा तक्रारी होत्या आणि त्यांत तथ्य होते. जानेवारी २०११ मध्ये काही डेव्हलपरांनी प्रकल्पाची व्यवस्था आपल्याकडे घेतल्याचे जाहीर केले. नाव आणि डोमेन त्यांच्या बाजूला आले नाहीत, तेव्हा मार्चमध्ये त्यांनी लिबएव्ही या नावाने वेगळी चूल मांडली.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प, होणे नवे नाही. परवाना त्याची मुभा देतो आणि ती असलीच पाहिजे. गुंता पुढे झाला. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूसाठी एफएफएमपेगचे पॅकेज बांधणारी मंडळी लिबएव्हीच्या बाजूची होती. त्यामुळे या दोन्ही डिस्ट्रोंमध्ये एफएफएमपेगच्या जागी लिबएव्ही आले. दोन्ही प्रकल्पांच्या लायब्रऱ्यांची नावेही एकच राहिली, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवणे सोपे नव्हते.

वापरणाऱ्याला हे कसे दिसले? टर्मिनलवर नेहमीची एफएफएमपेगची कमांड द्यायची आणि वरच ठळक इशारा यायचा: हा प्रोग्रॅम कालबाह्य आहे, केवळ जुन्याशी जुळावे म्हणून ठेवला आहे, पुढच्या आवृत्तीतून काढला जाईल, त्याऐवजी एव्हीकॉन्व्ह वापरा. लिबएव्हीच्या घरात ते खरेच होते, कारण तिथे त्या कमांडची जागा एव्हीकॉन्व्हने घेतली होती. पण वाचणाऱ्याला वाटायचे की एफएफएमपेग हा प्रकल्पच बंद पडला. प्रत्यक्षात तो जोरात चालू होता, आणि लिबएव्हीत होणारे बदलही नियमाने आपल्यात ओढून घेत होता. इशाऱ्यात एक वाक्य जास्त घातले असते तर हजारो लोकांचा गैरसमज टळला असता. ते घातले गेले नाही, आणि ही गोष्ट मी क्षुल्लक मानत नाही.

कलावंताच्या बाजूने पाहिले की नुकसान कुठे झाले ते कळते. गॅलरीतल्या मांडणशिल्पामागचा संगणक कुणी दर महिन्याला अद्ययावत करत नाही. तिथे स्थिर आवृत्ती टाकतात आणि हात लावत नाहीत. उबुंटू १४.०४ ही ५ वर्षांच्या आधाराची आवृत्ती, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंतची, आणि तिच्या अधिकृत साठ्यात एफएफएमपेगचे पॅकेजच नव्हते. जुन्या स्क्रिप्टमधले पर्याय एव्हीकॉन्व्हला तसेच्या तसे चालत नसत. एफएफएमपेगमध्ये असलेले बरेच फिल्टर लिबएव्हीत नव्हते. जाणकार लोक बाहेरून चालवायला तयार प्रोग्रॅम (बायनरी) आणून काम भागवत, पण कार्यशाळेत पहिल्यांदा लिनक्सवर व्हिडिओ जोडायला बसलेल्याला हे कुठून ठाऊक असणार? त्याला एवढेच दिसे की शिकवणीत लिहिलेली कमांड आपल्याकडे चालत नाही. असे कितीतरी जण मॅककडे परतले असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

डेबियनची बाजूही ऐकायला हवी. एवढ्या मोठ्या लायब्ररीच्या दोन प्रती एकाच आवृत्तीत ठेवायच्या म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही दोनदा करायच्या, आणि त्याला सुरक्षा चमूची तयारी नव्हती. एकच ठेवायची तर कोणती, हा वाद २०१४ मध्ये उघडपणे झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत एका मोठ्या सर्च कंपनीच्या अभियंत्यांनी जाहीर केले होते की मुद्दाम बिघडवलेल्या फाइल भरवून घेतलेल्या चाचण्यांमुळे एफएफएमपेगमध्ये एक हजाराहून अधिक दुरुस्त्या झाल्या. परक्या फाइल उघडणाऱ्या लायब्ररीसाठी ही बाब वजनदार होती. तरी एप्रिल २०१५ ची डेबियनची आवृत्ती लिबएव्हीसहच निघाली. त्याच महिन्यात आलेली उबुंटू मात्र एफएफएमपेगकडे परतली होती. डेबियनचा परतीचा निर्णय जुलै २०१५ मध्ये झाला, आणि स्थिर आवृत्तीत तो उतरला थेट जून २०१७ मध्ये. दरम्यान एफएफएमपेगच्या प्रमुखाने २०१५ च्या जुलैअखेर आपणहून पद सोडले. लिबएव्हीची शेवटची आवृत्ती २०१८ ची.

मला वाटते डेबियनने किमान दोन वर्षे उशीर केला. तक्रार पॅकेज बांधणाऱ्यांनी कोणती बाजू घेतली याची नाही. एका अंतर्गत भांडणाचा निकाल वापरणाऱ्यांवर त्यांना न सांगता लादला गेला, ही तक्रार आहे. लिबएव्हीने धरलेला काटेकोर तपासणीचा आग्रह मात्र वाया गेला नाही. त्यांचे बरेचसे काम एफएफएमपेगमध्ये मिसळले आणि आज तिथेच आहे. दोन्ही कोडांचा परवाना एकच असल्यामुळे ते शक्य झाले. मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फूट पडली असती तर हरलेल्या बाजूचे काम कपाटात गेले असते.

परवान्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक प्रसंग. प्युअर डेटासाठीच्या पिडिप या व्हिडिओ ऑब्जेक्टच्या संचाला लेखकाने एक अट जोडली होती: लष्करी किंवा दडपशाहीच्या कामासाठी वापर चालणार नाही. भावना समजण्यासारखी आहे. कॅमेऱ्यातून माणसाची हालचाल टिपणारे तंत्र नृत्याला लागते तसे पाळतीलाही लागते. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत पहिलाच हक्क कोणत्याही हेतूने चालवण्याचा आहे, आणि डेबियनचे नियमही कार्यक्षेत्रावरून भेद करू देत नाहीत. शिवाय पिडिप ज्या पायावर उभे होते तो जीपीएल या मुक्त परवान्याचा, आणि त्यावर नवी बंधने घालता येत नाहीत. परिणामी हा संच मुख्य साठ्यांबाहेर राहिला आणि त्याचे वापरणारे कमी होत गेले.

वेबवर कोणता कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची आणि परत उघडण्याची कोणती पद्धत वापरायची, या वादाचा धागा मुंबईपर्यंत येतो. २००८ मध्ये मुंबई, बंगळूर आणि बर्लिनमधल्या गटांनी मिळून पॅड.मा हे संग्रहस्थळ सुरू केले. पूर्ण झालेल्या चित्रपटांऐवजी कच्चे चित्रण तिथे ठेवायचे आणि त्यावर क्षणाक्षणाला टिपणे, उतारे, नकाशे जोडायचे अशी ती कल्पना होती. ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवण्यासाठी तेव्हा फ्लॅश हा रुळलेला मार्ग होता. वेबपानांच्या एचटीएमएल ५ या मानकाच्या मसुद्यात ऑग थिओरा या पेटंटमुक्त कोडेकची शिफारस होती, पण डिसेंबर २००७ मध्ये ती काढून टाकली गेली. तरीही पॅड.माने ऑग थिओराच धरले. एफएफएमपेगच्या आधारे फाइल थिओरात बदलणारे साधन याच गटातल्या बर्लिनच्या प्रोग्रॅमरने लिहिलेले होते, म्हणजे खालच्या थराची माहिती असलेला माणूस आधीपासून सोबत होता. फायरफॉक्सने जून २००९ मध्ये थिओरा थेट वाजवायला सुरुवात केली. मे २०१० मध्ये व्हीपी८ हा कोडेक खुला झाला आणि त्यावर आधारलेल्या वेबएम या मुक्त फाइल-प्रकाराचा मार्ग मोकळा झाला. पॅड.मासाठी घडलेले पॅन्डोरा हे सॉफ्टवेअर मुक्तच ठेवले गेले. २०१३ मध्ये जुन्या भारतीय चित्रपटांचे इंडियनसिने.मा त्याच्यावरच उभे राहिले.

अलीकडची वर्षे गर्दीची आहेत. प्युअर डेटाचे सगळे बाहेरचे संच एकत्र बांधून देणारी विस्तारित आवृत्ती २०१३ नंतर थांबली, आणि जेम स्वतंत्रपणे बसवायची वेळ आली. २०१८ मध्ये ॲपलने ओपनजीएलला निवृत्तीच्या यादीत टाकले. मॅकवर ते अजून चालते, पण नव्या सुधारणा येत नाहीत, आणि जेमचा बराचसा भाग ओपनजीएलच्या जुन्या पद्धतीवर लिहिलेला आहे. तो मेटल किंवा वल्कन या नव्या ग्राफिक्स यंत्रणांवर नेणे म्हणजे जवळपास नव्याने लिहिणे, आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ या छोट्या समूहाकडे नाही. इथेही निर्णय खालच्या थरात झाला आणि ओझे वर आले.

नवे काम बरेचसे ब्राउझरकडे सरकले आहे. प्रोसेसिंगची जावास्क्रिप्ट भावंड पी५.जेएस, किंवा जुन्या ॲनालॉग व्हिडिओ सिंथेसायझरच्या धर्तीवर घडलेले हायड्रा. हायड्रात एका ओळीत ऑसिलेटर उघडायचा, त्याला फिरवायचे, दुसऱ्या बफरने वाकवायचे आणि कोड बदलताच पडदा बदलतो. काही बसवावे लागत नाही, म्हणून कार्यशाळेत पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाच्या पडद्यावर चित्र असते. त्याचा परवाना एजीपीएल आहे, त्यामुळे सर्व्हरवर बदल करून चालवणाऱ्यालाही कोड द्यावा लागतो. पण कॅमेरा, व्हिडिओ आणि ग्राफिक्सची सारी यंत्रणा इथे ब्राउझर पुरवतो, आणि ब्राउझर बनवणारे मोजकेच आहेत. क्रोमचा खुला पाया असलेल्या क्रोमियममध्ये व्हिडिओ वाचायला आजही एफएफएमपेगचीच प्रत आहे. त्यातले कोणते कोडेक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे हायड्रा वापरणारा ठरवत नाही. ते ब्राउझर बांधणारा ठरवतो.