दैनंदिन वस्तूंवरून किरणोत्सर्गाची मात्रा ठरवणे

अणुभट्टीत किंवा क्ष-किरण विभागात काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रामापक बिल्ला असतो. अपघाताच्या जागेजवळून सहज गेलेल्या माणसाकडे तो नसतो. खिशात मोबाईल आणि पाकिटात चिपचे कार्ड मात्र असते. अशा वस्तूंनी शोषलेली ऊर्जा मोजून मालकाला किती मात्रा मिळाली असावी, याचा अंदाज या पद्धतीत बांधतात.

मोबाईलच्या सर्किट बोर्डावरचे रेझिस्टर जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे असतात. त्यांचा पाया अ‍ॅल्युमिना या सिरॅमिकचा असतो. किरणोत्सर्गाने त्यातले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि स्फटिकातल्या दोषांच्या जागी अडकून बसतात. रेझिस्टर अंधाऱ्या खोलीत काढून त्यांवर निळा प्रकाश पाडला की अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि अंधुकसा प्रकाश बाहेर पडतो. मग त्याच रेझिस्टरांना ठरावीक मात्रा देऊन पुन्हा मोजतात आणि दोन्ही मापे ताडून पाहतात. तातडीच्या उपचारांची गरज साधारण १ ग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या मात्रेचे एकक) पुढे भासते. त्याहून बऱ्याच कमी मात्राही या रीतीने ओळखता येतात. अडकलेले इलेक्ट्रॉन आपोआपही सुटत राहतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांतच संकेत बराच ओसरतो आणि हिशेबात तशी दुरुस्ती करावी लागते. फोन अर्थातच फोडावा लागतो. घरच्यांना खुशाली कळवायची असते त्या घडीला तो कोण सुखासुखी देईल?

कल्पना मोबाईलहून जुनी आहे. वस्तू तापवल्यावर बाहेर पडणारा प्रकाश मोजून प्राचीन मडक्यांचे वय ठरवणारी तापदीप्ती पद्धत, अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गाची मात्रा काढण्यासाठी, हिरोशिमा-नागासाकीच्या छपरांवरील कौलांना १९६०च्या दशकात लावली गेली. ३० सप्टेंबर १९९९ रोजी जपानमधील तोकाइमुरा येथे युरेनियमची अनियंत्रित साखळी अभिक्रिया झाली. तिथे न्यूट्रॉनही बाहेर पडले होते, त्यामुळे मोजणीची रीत निराळी होती: न्यूट्रॉनमुळे स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियमचे आणि पितळी नाण्यांतल्या जस्ताचे काही अणू किरणोत्सारी होतात. परिसरातल्या घरांतले चमचे आणि नाणी त्यासाठी तपासली गेली.

दातांचे एनॅमल यांत सर्वांत टिकाऊ. त्यातली किरणोत्सर्गाची खूण अनेक दशके राहते. पण त्यासाठी बहुधा दात पडलेला किंवा काढलेला लागतो.

मोठी अडचण अशी की वस्तू आपली स्वतःची मात्रा सांगते, माणसाची नव्हे. फोन मागच्या खिशात होता, छातीशी होता की टेबलावर, यावर शरीराच्या मात्रेचे गणित बदलते. म्हणून मापनाबरोबर त्या दिवशीची विचारपूसही करावी लागते.