डायनासोर गेले, मग कोणी काय खाल्लं?

लघुग्रहाची टक्कर बहुतेकांना ठाऊक असते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दहा-बारा किलोमीटर रुंदीचा खडक आजच्या मेक्सिकोतल्या युकातान भागात आदळला, तिथे जवळपास १८० किलोमीटर व्यासाचं चिक्शुलूब विवर तयार झालं आणि पृथ्वीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नामशेष झाल्या. त्यापुढचं सारं मात्र एका वाक्यात उरकलं जातं: डायनासोर गेले, जागा रिकामी झाली, सस्तन प्राण्यांनी ती भरून काढली. पण रिकाम्या जागेवर कुणाचं पोट भरत नाही. त्या काळातला एखादा प्राणी का तगला, कधी वाढला, किती मोठा झाला हे समजून घ्यायचं तर आधी त्याच्यापुढे खायला काय होतं ते विचारावं लागतं.

टक्कर झाली तिथल्या खडकांत जिप्सम आणि अनहायड्राइट ही गंधकयुक्त खनिजं भरपूर होती. २०१६ मध्ये विवराच्या आतल्या कड्यात खोल वेधन करून दगडाचा गाभा बाहेर काढला, तेव्हा ही खनिजं त्यात जवळपास सापडलीच नाहीत. त्यातलं गंधक वाफ होऊन आकाशात गेलं होतं. गंधकाचे सूक्ष्म कण, वणव्यांची काजळी आणि दगडाची बारीक धूळ यांनी मिळून सूर्यप्रकाश अडवला. संगणकीय प्रतिमानांनुसार प्रकाशसंश्लेषण काही महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंत जवळजवळ ठप्प होतं. वनस्पतींच्या अनेक जातींना एवढा काळ काढता येतो. बी मातीत पडून राहतं, जमिनीखालची खोडं आणि मुळं तग धरतात. रोज भाराभर हिरवा पाला लागणाऱ्या प्राण्याला ते शक्य नसतं, आणि त्याला मारून जगणाऱ्यालाही नसतं.

म्हणूनच जमिनीवरचा साधारण २५ किलोंहून जड प्राणी जवळपास एकही वाचला नाही. मगरींचे पूर्वज हा ठळक अपवाद. शीतरक्ती प्राण्याचा खर्च कमी असतो, तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. शिवाय नदी-तळ्यांतली अन्नसाखळी ताज्या पानापेक्षा कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर जास्त चालते. वर अंधार असला तरी सडणारं लाकूड आणि पानं पाण्यात येतच होती. त्यावर किडे, किड्यांवर मासे, माशांवर कासवं आणि मगरी. बिळात राहणाऱ्या, किडे, अळ्या आणि मिळेल ते खाणाऱ्या लहान सस्तन प्राण्यांचंही असंच भागलं. पक्ष्यांपैकी झाडांवर राहणारी जुनी कुळं जंगलांबरोबर गेली. तगले ते बहुधा जमिनीवर वावरणारे होते. मातीत पडलेलं बी दात नसलेल्या चोचीनं टिपता येणं तेव्हा मोलाचं ठरलं असावं.

खडकात हा क्रम अक्षरशः मिलिमीटरांत वाचता येतो. न्यूझीलंडमध्ये एका कोळशाच्या खाणीजवळ इरिडियमच्या (लघुग्रहाच्या धुळीतून आलेल्या धातूच्या) थरालगत चारेक मिलिमीटर जाडीचा एक पट्टा आहे, त्यात बुरशीच्या अवशेषांची रेलचेल आहे. मेलेल्या जंगलावर पहिली मेजवानी बुरशीची झाली, हे त्यातून सरळ दिसतं. त्याच्या वर नेचे येतात. अमेरिकेतल्या रॅटन खोऱ्यातही इरिडियमच्या थराच्या लगेच वर सपुष्प वनस्पतींचे परागकण एकदम रोडावतात आणि नेच्यांचे बीजाणू उसळी घेतात. काही नमुन्यांत तर दुसरं फारसं काही दिसतच नाही. नेच्याला परागीभवनासाठी कीटक लागत नाही, त्याचे बीजाणू वाऱ्यावर दूर जातात आणि त्याचं खोड जमिनीखाली जिवंत राहू शकतं. उजाड जमिनीवर पहिला हक्क त्याचाच.

ही उसळी शोधायची रीत सोपी वाटते, पण चुका होण्याच्या जागा बऱ्याच आहेत. चिखलाच्या दगडाचा छोटा तुकडा घ्यायचा, हायड्रोफ्लोरिक आम्लानं त्यातली सिलिकेट खनिजं विरघळवायची, उरलेला सेंद्रिय गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू आणि परागकण एकेक करून मोजायचे. नेच्यांचा हा थर अनेक ठिकाणी काही सेंटिमीटरच जाड असतो. दर अर्ध्या मीटरला नमुना घेणारा माणूस तो सहज ओलांडून पुढे जातो आणि इथे काहीच घडलं नाही असं लिहून मोकळा होतो. दुसरं म्हणजे एक नेचा बीजाणूंचा अक्षरशः पाऊस पाडतो. त्यामुळे बीजाणूंचं प्रमाण नव्वद टक्के निघालं म्हणून जमिनीवरची नव्वद टक्के झाडं नेच्यांचीच होती असं धरता येत नाही. आधीच्या थरांशी तुलना केली तरच आकड्याला अर्थ येतो.

नेच्यांनंतरचे दहा लाख वर्षांचे खडक सलग मिळणं फार दुर्मीळ. ते मिळाले कोलोरॅडोतल्या कॉरल ब्लफ्स या टेकड्यांत. या काळातले सस्तन प्राणी म्हणजे बहुतेक ठिकाणी सुटे दात आणि जबड्याचे तुकडे. जीवाश्मतज्ज्ञ टायलर लायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे नुसती उघडी पडलेली हाडं शोधणं थांबवलं आणि उतारावर पडलेले पांढुरके गोटे फोडायला घेतले. हाडाभोवती खनिज साचत जाऊन असे गोटे तयार होतात. त्यांच्या आत अख्ख्या कवट्या निघाल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हाडं, पानं आणि परागकण एकाच खडकांच्या क्रमात, ज्वालामुखीय राखेच्या थरांचं वय आणि खडकांतलं चुंबकत्व वापरून कालक्रमात बसवले गेले. एकाच जागी खाणारा आणि खाद्य दोन्ही हाताशी आल्यामुळे या अभ्यासाला एवढं महत्त्व आहे.

टकरीपूर्वी तिथला सर्वांत मोठा सस्तन प्राणी सुमारे आठ किलोंचा होता. टकरीनंतर लगेच उरले ते घुशीच्या मापाचे. जंगल आधी नेच्यांचं, मग ताडकुळातल्या झाडांचं, एकसुरी. लाखभर वर्षांत सस्तन प्राण्यांच्या जातींची संख्या साधारण दुप्पट झाली आणि वजन पूर्वीच्या पातळीजवळ पोचलं. सुमारे तीन लाख वर्षांनी अक्रोडाच्या कुळातल्या झाडांची विविधता वाढली, म्हणजे तेल आणि प्रथिनांनी भरलेलं कठीण कवचाचं फळ मिळू लागलं. त्याच सुमाराला सर्वांत मोठ्या प्राण्याचं वजन २५ किलोंच्या घरात गेलं. कार्सिओप्टिकस हा त्यातला एक, आणि त्याच्या दाढा कठीण खाद्य चिरडण्याजोग्या आहेत. सात लाख वर्षांच्या टप्प्यावर शेंगांचे जीवाश्म मिळतात, आणि तिथेच वजन पन्नास किलोंजवळ जातं. शेंगा आल्या म्हणूनच प्राणी वाढले असं यातून सिद्ध होत नाही. या टप्प्यांच्या आसपास हवामानही उबदार झालेलं दिसतं. तरी पौष्टिक बी आणि मोठं अंग पुन्हा पुन्हा एकाच थरात भेटावं, हा निव्वळ योगायोग मानणं अवघड आहे.

वजन वाढलं तसा मेंदू मात्र वाढला नाही. या काळातल्या कवट्यांचं सीटी स्कॅनिंग केल्यावर दिसलं की टकरीनंतरच्या पहिल्या एक कोटी वर्षांत शरीर इतक्या वेगानं मोठं झालं की त्या मानानं मेंदू उलट लहान पडला. प्रतिस्पर्धी कमी आणि खाद्य वाढतं असताना आधी अंग मोठं करणं फायद्याचं ठरलं. सस्तन प्राणी हुशारीच्या बळावर जिंकले ही लाडकी समजूत इथे टिकत नाही.

अंग इतक्या लवकर मोठं कसं झालं, याचा एक धागा पँटोलाम्ब्डा नावाच्या प्राण्याच्या दातांत सापडला. हा न्यू मेक्सिकोत सुमारे ६ कोटी २० लाख वर्षांपूर्वी राहणारा, चाळीसेक किलोंचा, जाडजूड शाकाहारी. दातावर वाढीच्या रेघा रोज पडत जातात, झाडाच्या वार्षिक वलयांसारख्या. दाताचा पातळ काप घासून पारदर्शक केला की त्या मोजता येतात. जन्माच्या दिवशी एक ठळक रेघ उमटते आणि तिथे जस्ताचं प्रमाण वाढतं. पिल्लू अंगावर पीत असेतो बेरियम वाढलेलं राहतं. जन्मरेघेआधीच्या आणि नंतरच्या रेघा मोजून २०२२ मध्ये हिशेब मांडला गेला: गर्भारपण सुमारे सात महिन्यांचं आणि दूध तुटायला फक्त एक-दोन महिने. पिल्लू पोटातच मोठं होऊन बाहेर येत होतं आणि लगेच चरायला लागत होतं. कांगारूसारखं अर्धवट पिल्लू पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यांपेक्षा ही रीत मोठ्या देहाला जास्त सोयीची आहे.

हे सगळं चालू असताना दख्खनच्या पठारावरचे लाव्हाचे उद्रेकही थांबले नव्हते. टकरीच्या आधी सुरू झालेले हे उद्रेक नंतरही काही लाख वर्षं चालले. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, आणि त्या गाळात मासे, कासवं, बेडूक पुरले गेले. मुंबईतल्या वरळीच्या टेकडीतले चिमुकले बेडकांचे जीवाश्म असेच, आणि ते टकरीनंतरच्या काळातले. बेडकांसाठी हा काळ फार मोठा होता: आजच्या बेडकांच्या जातींपैकी सुमारे ८८ टक्के ज्या तीन वंशांतून आल्या, ते तिन्ही टकरीनंतरच झपाट्यानं फांदले, असं जनुकीय अभ्यास सांगतो.

समुद्रात हिशेब वेगळा होता. पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांच्या, म्हणजे कवचधारी एकपेशीय जिवांच्या, बहुतेक जाती गेल्या, वेटोळ्या शंखांचे अमोनाइट गेले. त्यांचा दूरचा नातलग नॉटिलस उरला. त्याची अंडी मोठी असतात आणि पिल्लू खोल पाण्यात, पृष्ठभागावरच्या प्लवकांच्या भरवशावर न राहता वाढतं. नेदरलँड्समधल्या एका गुहेतल्या फोरामिनिफेरांच्या कवचांतल्या बोरॉनवरून पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) सुमारे ०.२५ नं घसरल्याचं निघालं. चुन्याचं कवच बांधणाऱ्या जिवांना तेवढं पुरेसं नडतं. आणि तरीही चिक्शुलूब विवरात, थेट टकरीच्या जागी, जीव काही वर्षांतच परतले होते. वेधनाच्या गाभ्यात टकरीच्या राडारोड्यावर ७६ सेंटिमीटर जाडीचा बारीक गाळाचा थर आहे. त्याच्या वरच्या भागातच लहान जिवांनी केलेली बिळं दिसतात. ३० हजार वर्षांत तिथली परिसंस्था भरभराटीला आली. जगातल्या इतर काही समुद्रांना याहून कितीतरी जास्त वेळ लागला, म्हणजे समुद्रात तरी टकरीच्या जागेपासूनचं अंतर हा काही सावरण्याचा वेग ठरवणारा घटक नव्हता.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांनी फार वेळ घेतला. कोलंबियातल्या ५० हजारांहून जास्त परागकणांच्या आणि सहा हजारांहून जास्त पानांच्या नोंदींवरून दिसतं की तिथली वनस्पती-विविधता ४५ टक्क्यांनी घटली आणि भरून यायला ६० लाख वर्षं लागली. जंगल परतलं ते वेगळंच. पूर्वी सूचिपर्णी, नेचे आणि सपुष्प झाडं विरळ उभी होती, जमिनीपर्यंत ऊन पोचत होतं. नंतर सपुष्प झाडांचं दाट छत आलं, शेंगवर्गीय झाडं मुबलक झाली. छत दाट होतं हे पानांच्या शिरांवरून कळतं. दाट जंगलात वरच्या उन्हातल्या पानात शिरा दाट असतात, खालच्या सावलीतल्या पानात विरळ. खुल्या जंगलात हा फरक जवळजवळ नसतो. छत का मिटलं याची तीन कारणं सुचवली गेली आहेत: झाडं तुडवून वाटा मोकळ्या ठेवणारे मोठे डायनासोर गेले, टकरीच्या राखेनं मातीत फॉस्फरस आला, आणि सूचिपर्णींच्या बऱ्याच जाती मुळातच संपल्या. तिन्ही एकाच वेळी खरी असायला हरकत नाही. याच जंगलातल्या सेर्रेहोनच्या कोळसा खाणीत टायटॅनोबोआ सापडला, सुमारे १३ मीटर लांब, टनाहून जड साप.

आणि या पानांवर जगणारे कीटक? अळी पान पोखरत गेली की तिची वाट पानाच्या जीवाश्मात जशीच्या तशी उरते, त्यामुळे कीटक न सापडताही त्याची हजेरी मोजता येते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात अशा खुणांची विविधता पूर्वपदावर यायला सुमारे ९० लाख वर्षं लागली. विवरापासून दूर, दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियात सुमारे ४० लाख. दोन्हीकडे क्रिटेशियस, म्हणजे टकरीपूर्वीच्या काळातल्या पोखरणीचे नमुने पुढच्या पानांवर पुन्हा येत नाहीत. जे दिसतात ते नव्या अळ्यांचे आहेत.