नराविना अंडी घालणारी घोरपड : पार्श्वभूमी

कोकणात घोरपड पाळली जात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती असल्याने तिला बाळगणे हाच गुन्हा ठरतो. मांसासाठी आणि घुमट या वाद्यावर चढवण्याच्या कातड्यासाठी मात्र तिची शिकार पूर्वापार होत आली. त्यामुळे येथे बंदिवासात दिसते ती बहुधा फासकीतून सोडवून उपचारासाठी ठेवलेली घोरपड. अशा मादीने पिंजऱ्यात अंडी घातली की नवल वाटते, म्हणून त्यामागचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

रानात पावसाळ्याच्या महिन्यांत मादी जमिनीत किंवा वारुळात बीळ उकरून सुमारे २० अंडी घालते, माती नाकाडाने दाबून बसवते आणि आसपास फसवी बिळेही खणते. पिल्ले बाहेर यायला साधारण साडेपाच ते साडेआठ महिने लागतात. फरशीच्या पिंजऱ्यात खणायला माती नसली, तर अंडी इतस्ततः पडतात किंवा पोटातच अडकून मादीच्या जिवावर बेततात.

नराविना घातलेली अंडी कोंबडीच्या अंड्यांप्रमाणे वांझ असतील, असे दीर्घकाळ गृहीत धरले जाई. एखादे उबलेच, तर मादीने जुन्या समागमाचे वीर्य साठवले असावे, असे म्हटले जाई. इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयातल्या एका कोमोडो ड्रॅगन (घोरपडीच्याच कुळातील महाकाय सरडा) मादीच्या बाबतीत प्रथम हाच खुलासा झाला, कारण ती दोन वर्षांहून अधिक काळ नरापासून दूर असली तरी पूर्वी नरासोबत राहिली होती. त्याच देशातील दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातील मादीला मात्र नराचा सहवास कधीच मिळाला नव्हता. तरीही तिने २५ अंडी घातली. त्यांतील कोसळलेल्या ३ अंड्यांमधील गर्भांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा २००६ मध्ये वीर्यसाठ्याचा खुलासा दोन्ही ठिकाणी बाद झाला. ऑस्ट्रेलियाकडील घोरपडीच्या एका जातीत असे नराविना प्रजनन त्याच्या आदल्याच वर्षी नोंदवले गेले होते. मादीची लिंग ठरवणारी गुणसूत्रे झेड व डब्ल्यू असतात आणि अशा प्रजननात त्यांतले एकच दुप्पट होते, म्हणून त्यातून झेडझेड नरच जगतात. डब्ल्यूडब्ल्यू गर्भ वाढत नाहीत.

यानंतर माद्यांना एकटे ठेवून नरांना प्राणिसंग्रहालयांत फिरवण्याच्या पद्धतीवर संशोधकांनी आक्षेप घेतला, कारण अशा पिल्लांत जनुकीय विविधता फार कमी उरते. एका मादीने पुढे नराशी समागम करून नेहमीसारखी पिल्लेही दिल्याने या आक्षेपाला बळ मिळाले. तो आक्षेप योग्यच होता. मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढणाऱ्या प्राण्यांसाठी होता, आणि कोकणातील सोडवलेल्या मादीला सरसकट लावणे चुकीचे ठरेल. ती पकडली जाण्यापूर्वी रानात नराला भेटलेली असण्याचीच शक्यता अधिक, आणि घोरपडीची मादी वीर्य साठवू शकते, असे मानले जाते. म्हणून येथे जनुकीय तपासणीशिवाय नराविना जन्माचा दावा करू नये. त्याआधी तिच्या पिंजऱ्यात खणण्याजोगी खोल, ओलसर माती घालावी.