कमरेच्या आधी डोळ्यांना कळतं

नागपूरच्या प्रतापनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकाजींनी उन्हाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन एक टेबल मागवलं. घोटे फोमच्या दोन गुंडाळ्यांत अडकवायचे, हात हळूहळू डोक्यामागे न्यायचे, की फळी फिरते आणि डोकं खाली जातं. इन्व्हर्जन टेबल म्हणतात त्याला. काकाजींची कंबर बँकेच्या खुर्चीने कधीचीच घेतलेली. "कमरेला वजन लावून ताण घ्यायला रोज धंतोलीतल्या दवाखान्यात जा, गाडी लावायला जागा शोधा, त्यापेक्षा हे बरं नं," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मला धरायला बोलावलं होतं. फळी कलली आणि सगळ्यात आधी खाली आलं ते त्यांच्या खिशातलं सामान: बॉलपेन, किराण्याची चिठ्ठी आणि बीपीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी.

पट्टी उचलून मी विचारलं, "काकाजी, डॉक्टरांना सांगितलं का हे?"

"कमरेचा अन् बीपीचा काय संबंध, बाप्पा?" उत्तर उलट्यानेच आलं. चेहरा एव्हाना लाल झाला होता.

संबंध आहे, आणि तो शाळेतल्या भौतिकशास्त्रापुरताच आहे. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, ती दिवसभर आपल्या वजनाखाली दबते, तिच्यातलं पाणी थोडं बाहेर जातं, रात्री पुन्हा भरतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण सेंटीमीटरभर उंच असतो. गादी फुगून मागे आली आणि शेजारची नस दबली, की पायात कळ जाते. उलटं लटकलं तर वरचं शरीर कमरेला खाली ओढेल, मणक्यांमधली फट वाढेल, नस मोकळी होईल, अशी यामागची कल्पना. ती नवीनही नाही. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या काळी माणसाला शिडीला उलटं बांधून शिडीसकट आपटत असत. त्याच्या नावावरच्या ग्रंथात याची पद्धत लिहून ठेवली आहे, आणि बघ्यांची गर्दी जमवायला असले प्रकार करणाऱ्या वैद्यांना टोलाही मारला आहे!

आता हिशेब करू. काकाजींचं वजन ७० किलो. धड, हात आणि डोकं मिळून त्यातलं निम्मं धरलं, तर पूर्ण उलटं झाल्यावर कमरेला ३५ किलोची ओढ बसेल. पण पूर्ण उलटं कोण होतं? फळी ३० अंश कलली तर ही ओढ निम्मी होते, साडेसतरा किलो. त्यातही पाठ फळीला घासत असते, आणि त्या घर्षणात यातला बराच भाग जातो. कण्याच्या वाट्याला येतात ते मोजके किलो.

रक्त मात्र फळीला घासत नाही. हृदयापासून डोळ्यापर्यंतचं अंतर साधारण ३० सेंटीमीटर. एवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब होतो सुमारे २३ मिलिमीटर पारा. उभे असताना तो हृदयाजवळच्या दाबातून वजा होतो, उलटे झालो की त्यात मिळवला जातो. ३० अंशांवर साडेअकरा मिळवा. म्हणजे डोक्याकडे पहिल्या अंशापासून पूर्ण हिशेब पोचतो, आणि कमरेला घर्षणाचा वाटा चुकता करून उरलंसुरलं मिळतं. "काही वाटत नाहीये, अजून खाली करू का?" असं माणूस विचारतो ते यामुळेच. कमरेला काही वाटत नसतं तेव्हाही डोळ्यांना पुरेसं वाटलेलं असतं.

डोळा हा यातला सर्वांत नाजूक गडी. निरोगी डोळ्यातला दाब १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. उलटं झाल्यावर डोळ्यातलं पाणी ज्या शिरांवाटे बाहेर पडतं त्यांच्यातच दाब चढतो, आणि आतल्या रक्तवाहिन्याही भरतात. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात शीर्षासन करणाऱ्यांच्या डोळ्यांचा दाब मोजला होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो दुपटीच्या आसपास गेलेला दिसला. ही सगळी योगासनांना सरावलेली माणसं, म्हणजे सवयीने यातून सुटका होत नाही. सरळ झाल्यावर दाब लवकर उतरतो, आणि निरोगी डोळा एवढं सोसून नेतो. काचबिंदूने आधीच चेतातंतू झिजलेल्या डोळ्याची गोष्ट वेगळी. त्यात काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, नजर बाजूने आक्रसत जाते आणि बऱ्याच जणांना खूप उशिरा कळतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणजे डोळे तपासून झाले, असं समजणारे आमच्या बिल्डिंगमध्येच चार निघतील. डोळ्याचं प्रेशर मोजायला काही मिनिटं लागतात. मेडिकल किंवा मेयो या आमच्या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात ते होतं. डोळ्याचा पडदा सरकल्याचा इतिहास असेल किंवा मधुमेहाने पडद्यावर रक्त उतरत असेल, तर मोजायचीही वाट पाहू नये, टेबलाचा विचारच सोडावा.

हृदयाकडे वळलं तर निरोगी माणसाचं शरीर इथे हुशारीने वागतं. मानेच्या रोहिणीतले संवेदक वाढलेला दाब ओळखतात आणि हृदयाचे ठोके कमी करायला लावतात. ज्यांचं बीपी आधीच चढलेलं आहे, हृदय कमजोर आहे, पक्षाघात होऊन गेलाय किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांनी या व्यवस्थेवर भरवसा ठेवू नये. परत सरळ होतानाही सांभाळावं लागतं: रक्त पायांकडे धावतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ती जास्त येते. वर आपला मे महिना, पारा ४५ वर, अंगातलं पाणी आधीच कमी.

गर्भवती, हाडं ठिसूळ झालेले, मणक्यात स्क्रू-पट्टी बसवलेले आणि छातीत आंबट पाणी येणारे यांनीही लांबच राहावं. आणि पायातली ताकद अचानक गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर वाटू लागली, तर कुठल्याही टेबलाकडे न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची.

फायद्याचा पुरावा किती? इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या एका छोट्या चाचणीत (२०१२) ऑपरेशनच्या यादीतले पंचवीसेक रुग्ण होते. उलटं लटकणाऱ्या १३ पैकी १० जणांचं ऑपरेशन टळलं. आकडा आकर्षक आहे, माणसं फार थोडी. पुढच्याच वर्षी वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने ट्रॅक्शनच्या, म्हणजे कमरेला ताण देण्याच्या उपचाराच्या, ३२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कंबरदुखीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. शिवाय गादी नुसती ताणली की बरी होतेच, असंही नाही. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत काही सेंटीमीटरनी उंच होतात, तिथे त्यांची पाठ दुखते, आणि परतल्यावर गादी सरकण्याचं प्रमाण त्यांच्यात नेहमीपेक्षा जास्त आढळलं आहे. सरकलेली गादी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप शांत होते. त्याच काळात टेबल घेतलं असेल, तर श्रेय कुणाला जातं ते सांगायला नको.

डॉक्टरांनी होकार दिलाच, तर १५-२० अंश, एखादा मिनिट आणि खोलीत दुसरं माणूस, एवढ्यावर सुरुवात करावी. टेबलाच्या उंचीची दांडी प्रत्येक माणसागणिक बदलावी लागते. काकाजींच्या खाचेवर त्यांच्याहून उंच नातू चढला तर तोल बिघडून फळी फिरायची. एकटा माणूस उलटा अडकला, तर पोटाच्या जोरावर उठणं साठीनंतर सहसा जमत नाही.

स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाचेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. उताणं पडल्यावर तो उभ्याच्या साधारण चौथाईवर येतो. ही सवलत घोटे न अडकवता मिळते आणि डोळ्यांना तिचा पत्ता लागत नाही. काकाजी हल्ली दुपारी हॉलमध्ये फरशीवर पाठ टेकतात आणि पोटऱ्या दिवाणावर टाकतात. कूलरसमोर घरातली सगळ्यात गार जागा तीच, हा त्यांचा स्वतःचा मुद्दा.