मेंदूच्या उंबऱ्यावरचा मलेरिया

गेल्या श्रावणात आमच्या वाडीतल्या एका पोराला तापात झटके आले. तालुक्याला नेलं, फाल्सिपेरम मलेरिया निघाला, आर्टेसुनेटची इंजेक्शनं वेळेत मिळाली आणि पोरगं चवथीच्या आधी घरी आलं. त्या रात्री शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "ताप डोक्यात गेलो तेच्या." असं समजणाऱ्या त्या एकट्या नाहीत. मेंदूचा मलेरिया म्हणजे जंतू मेंदूत शिरले, असंच बहुतेकांना वाटतं.

खरं म्हणजे ते मेंदूत शिरतच नाहीत. प्लाझमोडियम फाल्सिपेरम हा परजीवी रक्तातल्या लाल पेशीच्या आत राहतो आणि ती लाल पेशी रक्तवाहिनीच्या आत. मेंदूच्या पेशींना त्याचा स्पर्शही होत नाही. तरी माणूस बेशुद्ध पडतो. जे काही घडतं ते मधल्या भिंतीत, म्हणजे केशवाहिनीला आतून अस्तरासारख्या लागलेल्या पेशींच्या एकाच थरात.

मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे मलेरियाच्या स्लाइड खूप पाहिल्या आहेत. जेम्सा रंग दिलेल्या काचेवर फिकट गुलाबी लाल पेशी, एखादीत निळसर नाजूक अंगठी आणि त्या अंगठीवर खड्यासारखा जांभळा ठिपका. हा कोवळा परजीवी. त्याचं चक्र साधारण ४८ तासांचं. म्हणजे अंगठीनंतरचे वाढलेले, जाडसर परजीवीही तितकेच दिसायला हवेत. पण फाल्सिपेरमच्या स्लाइडवर ते क्वचितच सापडतात. कारण बोटातून रक्त काढतो तेव्हा ते वाहत्या रक्तात नसतातच. ते आतल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात.

चिकटण्याचं कारण पानथरी, म्हणजे प्लीहा. परजीवी वाढला की लाल पेशी ताठर होते, आणि पानथरी अशा पेशी गाळून नष्ट करते. तिथवर जायचंच नसेल तर वाटेत कुठेतरी धरून बसायला हवं. खाडीच्या तोंडाशी कालवं खडकाला कशी धरून असतात ते आपण रोज पाहतो; भरती येवो, ओहोटी येवो, ती हलत नाहीत. संसर्ग झालेल्या लाल पेशीवरही बारीक फुगवटे उगवतात आणि त्यांवर पीएफईएमपी-१ नावाचं चिकट प्रथिन असतं. त्याच्या सुमारे ६० वेगवेगळ्या जनुक-आवृत्त्या परजीवीजवळ असतात आणि एका वेळी तो त्यातली एकच वापरतो. शरीराने एक ओळखली की दुसरी पुढे.

पण खडक निर्जीव असतो, वाहिनीची भिंत जिवंत असते, आणि मला या आजारात सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. परजीवी ज्या कड्यांना धरतो त्या भिंतीच्या स्वतःच्या कामाच्या आहेत. आयकॅम-१ ही कडी मुळात पांढऱ्या पेशींना थांबवण्यासाठी असते. शरीरात दाह वाढला की भिंत अशा कड्या आणखी बाहेर काढते. मग आणखी लाल पेशी अडकतात, दाह आणखी वाढतो. दुसरी कडी ईपीसीआर. तिच्या मदतीने सक्रिय प्रोटीन-सी तयार होतं, जे दाह शमवतं आणि भिंतीतल्या पेशींचे सांधे घट्ट ठेवतं. ती कडीच परजीवीने अडवली की सांधे सैल व्हायला लागतात.

पुढचा भाग मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून कळला आहे. लाल पेशी फुटली की परजीवीचे आणि हीमचे (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाचे) अवशेष भिंतीच्या पेशी आत घेतात. त्यांच्यातला स्टिंग हा धोक्याचा संवेदक जागा होतो, इंटरफेरॉन-बीटा हे इशाऱ्याचं प्रथिन बाहेर पडतं, आणि भिंत सीएक्ससीएल-१० नावाचा रासायनिक सांगावा धाडते. तो ऐकून सीडी-८ मारक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, येतात. भिंतीच्या पेशींनी तोवर परजीवीचे तुकडे एमएचसी-१ रेणूवर ठेवून बाहेर दाखवायला सुरुवात केलेली असते. मारक पेशींना तो तुकडा दिसतो, आणि ज्यांनी तो दाखवला त्यांच्यावरच त्या परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही पेशी मारणारी प्रथिनं सोडतात. थोडक्यात, हाक भिंत मारते, पुरावा भिंत दाखवते आणि घावही भिंतच सोसते. उंदरांतून सीडी-८ पेशी काढून टाकल्या तर त्यांना मेंदूचा मलेरिया होत नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण आफ्रिकेतल्या मलावी देशात दगावलेल्या मुलांच्या मेंदूतही या पेशी वाहिन्यांच्या भिंतीशी सापडल्या आहेत. तिथल्याच मुलांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली, आणि जी मुलं जगली त्यांची सूज एक-दोन दिवसांत उतरायला लागली.

आमच्या वाडीत त्या रात्री देवस्कीचीही भाषा झाली. डोळे फिरले की "बाहेरचं" आहे म्हणणारे अजून आहेत. मला त्याचा संताप येतो, कारण इथे तास मोजायचे असतात. भगताकडे गेलेली एक रात्र परत मिळत नाही. "प्रतिकारशक्ती वाढवणारे" काढेही इथे उपयोगाचे नाहीत. जिथे प्रतिकारशक्तीच भिंत फोडते आहे तिथे ती वाढवून काय साधणार? आणि सरसकट दाबून टाकणं हाही उपाय नाही. दाह आहे तर स्टिरॉइड द्यावं, म्हणून थायलंडमध्ये डेक्सामेथासोन देऊन पाहिलं होतं. १९८२ साली निष्कर्ष आले: रुग्ण वाचण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट बेशुद्धी लांबली.

आर्टेसुनेटने मात्र फरक पडला. आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० साली आले, क्विनाइन हे जुनं औषध मिळालेल्यांपैकी १०.९ टक्के मुलं दगावली आणि आर्टेसुनेट मिळालेल्यांपैकी ८.५ टक्के. क्विनाइनचा घाव मुख्यतः वाढलेल्या परजीवीवर बसतो. आर्टेसुनेट त्या कोवळ्या अंगठ्यांनाही मारतं, म्हणजे स्लाइडवर दिसतात त्यांनाच, ज्या अजून वाहत्या रक्तात आहेत आणि भिंतीला चिकटायला ज्यांना काही तास बाकी आहेत.