द डब्लिनर्स: पबच्या कोपऱ्यातून टॉप टेनपर्यंत

1967 च्या वसंतात ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत एक आयरिश लोकगीत सातव्या क्रमांकावर जाऊन बसलं. गाणारे पाच दाढीवाले डब्लिनकर, बँडचं नाव 'द डब्लिनर्स'. त्यांच्याकडे ड्रम नव्हते, बास नव्हता, इलेक्ट्रिक गिटार नव्हती. त्या गाण्यावर आयर्लंडच्या सरकारी नभोवाणीने बंदी घातली होती आणि त्या बंदीमुळेच ते गाजलं, असं सर्रास सांगितलं जातं. बंदीचा फायदा झाला हे खरंच आहे. पण त्याआधीची पाच वर्षं या मंडळींनी जो आवाज घडवला, तो नसता तर ही रेकॉर्ड लोकांनी एकदा हसून बाजूला ठेवली असती.

आयर्लंडमध्ये 1935 साली नाचाच्या जागांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. घराघरांत, चौरस्त्यांवर होणारे नाच त्यामुळे आटले आणि त्यांच्यासोबत वाजणारं संगीतही आक्रसलं. पुढे 1950 च्या दशकात सुमारे 4 लाख माणसं कामासाठी देश सोडून गेली, त्यातली बहुतेक इंग्लंडला. लंडनच्या कॅम्डन टाउनसारख्या भागात बांधकामावरचे आयरिश मजूर संध्याकाळी पबमध्ये फिडल (व्हायोलिन) आणि बासरी काढून बसू लागले. पबमध्ये गोल बसून वाजवण्याची जी पद्धत आज अस्सल आयरिश म्हणून ओळखली जाते, ती बरीचशी या परदेशातल्या पबांत रुजली. मायदेशात 1951 पासून फ्ला खोल हा संगीतमेळा दरवर्षी भरू लागला होता. मग मार्च 1961 मध्ये क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम हे आयरिश गायक अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात पांढरे अॅरन स्वेटर घालून गायले. अमेरिकेने वाखाणल्यावर आयर्लंडमध्ये बॅलडची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांची, लाट उसळली आणि तोवर गावंढळ वाटणारी गाणी शहरी तरुण मागून ऐकू लागले.

डब्लिनच्या मेरियन रोवरचा ओ'डॉनह्यूज हा पब या लाटेचा अड्डा. 1962 मध्ये तिथेच रॉनी ड्रू, ल्यूक केली, बार्नी मकेना आणि किआरान बर्क एकत्र वाजवू लागले. ड्रू काही वर्षं स्पेनमध्ये इंग्रजी शिकवून आणि फ्लॅमेंको गिटार शिकून आलेला. केली इंग्लंडमधल्या फोक क्लबांत तयार झालेला, कामगार चळवळीची गाणी घेऊन परतलेला. बर्क टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) वाजवायचा आणि आयरिश भाषेतली गाणी गायचा. सुरुवातीचं नाव होतं 'रॉनी ड्रू बॅलड ग्रुप'. ते ड्रूलाच आवडत नव्हतं. केली त्या वेळी जेम्स जॉइसचा 'डब्लिनर्स' हा कथासंग्रह वाचत होता; तेच नाव घेतलं.

चौथा माणूस मकेना. या बँडच्या यशात त्याच्या चार तारांच्या टेनर बँजोचा वाटा नेहमी कमी मोजला जातो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. टेनर बँजो मूळचा अमेरिकन जॅझमधला. त्याच्या तारा जाड्या तारेकडून सी-जी-डी-ए अशा (ही पाश्चात्त्य स्वरांची नावं) लावत. मकेनाने त्या जी-डी-ए-ई लावल्या, म्हणजे फिडलच्याच स्वरांत, पण एक सप्तक खाली. आयरिश चाली बहुतांशी डी किंवा जी या स्वरात बसवलेल्या असतात आणि डी व्हिसलचा पल्ला खालच्या डी पासून दुसऱ्या सप्तकातल्या बी पर्यंत जातो. नव्या जुळणीत हा सगळा पल्ला डी च्या मोकळ्या तारेपासून ई तारेच्या सातव्या पडद्यापर्यंत मावतो. डावा हात दांड्यावर वर-खाली पळवावा लागत नाही आणि फिडलवर बसलेली बोटं जशीच्या तशी बँजोवर चालतात.

ही नवी जुळणी लावताना नवशिक्यांकडून एक घोटाळा हमखास होतो. जुन्याच तारा नुसत्या उतरवून लावल्या तर प्रत्येक तार पाच अर्धस्वर खाली येते आणि तिच्यावरचा ताण साधारण 56 टक्क्यांवर घसरतो. तार लोळते, पडद्यावर खरखरते, जोराने छेडली की सूर वर पळतो. म्हणून तारा सुमारे एक तृतीयांश जाड घ्याव्या लागतात; आज आयरिश जुळणीसाठी साधारण 0.012, 0.020, 0.030 आणि 0.040 इंचांचा संच वापरतात. जाड तार वरच्या नटच्या (दांड्याच्या टोकाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) जुन्या खाचेत पूर्ण बसत नाही, उंच राहते, आणि पहिल्या दोन-तीन पडद्यांवर सूर चढा लागतो. तेव्हा खाच कानशीने रुंद करायची आणि मग घोडी सरकवून बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर सप्तकावर येतो का ते तपासायचं. बँजोची घोडी नुसत्या ताणाने कातड्यावर उभी असते. त्यामुळे चारही तारा एकदम काढल्या तर ती जागा सोडते. एकेक तार बदलावी.

उजव्या हाताचं काम त्याहून अवघड. बँजोचा स्वर छेडला की लगेच विझतो, फिडलच्या गजासारखा तो लांबवता येत नाही. ही उणीव मकेनाने ट्रिपलेटनी भरून काढली: एका स्वराच्या जागेत पिकचे (तार छेडायच्या चकतीचे) खाली-वर-खाली तीन झटपट आघात. ते मनगटातूनच यावे लागतात. कोपरातून आणले की लय ओढली जाते आणि पिक घट्ट आवळलं की ते तारेत अडकतं. जिग या नाचाच्या चालीत सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन गट असतात आणि दोन्ही गट खालच्या आघाताने सुरू करायचे असतात. सरळ खाली-वर करत गेलं की दुसऱ्या गटाची सम वरच्या आघातावर पडून लंगडते. मकेनाच्या आधी बँजो आयरिश संगीतात होता, पण आज जगभरच्या आयरिश बैठकांत तो बहुतेक करून जी-डी-ए-ई मध्येच लागलेला दिसतो, त्याचं मुख्य श्रेय मकेनाचं.

1964 मध्ये केली काही काळ इंग्लंडला गेला तेव्हा बॉबी लिंच आणि फिडलवादक जॉन शीहन आले. केली परतल्यावर लिंच गेला, शीहन राहिला. शीहनचा फिडल आणि मकेनाचा बँजो एकच चाल एका सप्तकाच्या अंतराने वाजवत. फिडल स्वर धरून ठेवायचा, बँजो त्याला कड द्यायचा. बासवाचूनही हा बँड भरलेला का वाटतो, याचं उत्तर इथे आहे. त्यावर दोन अगदी भिन्न गळे: ड्रूचा खर्जातला, खडी दळल्यासारखा आणि केलीचा खुला, पहाडी. गाणी त्या मानाने वाटली जात. मिश्कील आणि रस्त्यावरची गाणी ड्रूकडे, विरहाची आणि संघर्षाची केलीकडे. केलीचं गाणं ऐकताना शब्द न् शब्द कळतो. इतक्या तळमळीने गाणारा माणूस त्या पिढीत दुसरा नव्हता.

1963 मध्ये एडिनबरा महोत्सवात ट्रान्सअटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाशी गाठ पडली आणि पुढच्या वर्षी पहिली एलपी निघाली. या रेकॉर्ड फोकच्या रसिकांपुरत्या राहिल्या. मग डब्लिनचा लेखक-गीतकार डॉमिनिक बीहन याच्या मध्यस्थीने बँड मेजर मायनर या कंपनीकडे गेला. तिचा मालक बेलफास्टचा फिल सॉलोमन 1966 मध्ये रेडिओ कॅरोलाइनच्या कारभारातही शिरला होता. कॅरोलाइन हे समुद्रातल्या जहाजांवरून चालणारं बिनपरवाना केंद्र. एक जहाज इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यापुढे, दुसरं आइल ऑफ मॅनजवळ. हे दुसरं जहाज आयर्लंडमध्येही ऐकू यायचं आणि आयरिश वस्ती दाट असलेल्या लिव्हरपूलकडेही. बीबीसी कोणती रेकॉर्ड वाजवते याची वाट पाहण्याची सॉलोमनला गरजच नव्हती. त्याच्या कंपनीच्या रेकॉर्ड कॅरोलाइनवर पुन्हा पुन्हा वाजत.

गाणं होतं 'सेव्हन ड्रंकन नाइट्स', ड्रूने कॉनमाराचे पारंपरिक गायक जो हीनी यांच्याकडून उचललेलं. नवरा रोज रात्री झिंगून घरी येतो आणि त्याला दारात परका घोडा, मग कोट, मग पाइप, मग बूट दिसतात. बायको दर वेळी काहीतरी थाप मारते: घोडा म्हणजे डुकरीण, कोट म्हणजे घोंगडी. तिच्या उत्तराला नवरा एकच खोट काढतो, की डुकरिणीवर खोगीर कधी पाहिलं नव्हतं, घोंगडीला बटणं कधी पाहिली नव्हती. गंमत पुन्हा पुन्हा येणाऱ्या या साच्यात आहे. दुसऱ्या रात्रीपासून ऐकणारा सोबत गाऊ लागतो. सात रात्रींपैकी रेकॉर्डवर पाचच आहेत, उरलेल्या दोन फारच चावट. तरीही आरटीईने, म्हणजे सरकारी नभोवाणीने, गाणं अयोग्य ठरवलं. कॅरोलाइनवर ते वाजत राहिलं आणि शेवटी बँड बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये उभा राहिला.

वेळही बरोबर साधली गेली. 14 ऑगस्ट 1967 च्या मध्यरात्री ब्रिटनचा समुद्री प्रक्षेपणाविरुद्धचा कायदा लागू झाला आणि अशा बहुतेक केंद्रांनी गाशा गुंडाळला. तोवर 'अ ड्रॉप ऑफ द हार्ड स्टफ' ही एलपी गाजू लागली होती; ती ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच वर्षी 'ब्लॅक व्हेल्व्हेट बँड' पंधराव्यावर पोहोचलं. 1968 मध्ये एड सुलिव्हनचं बोलावणंही आलं.

पुढची वर्षं कठीण गेली. 1974 मध्ये बर्कला मेंदूतल्या रक्तस्रावाने अंथरूण धरावं लागलं, ड्रू बाहेर पडला आणि 1979 मध्ये परतला. 1980 च्या जूनमध्ये कॉर्कच्या ऑपेरा हाउसमध्ये केली रंगमंचावर कोसळला; मेंदूत गाठ निघाली. 30 जानेवारी 1984 रोजी तो गेला, वयाच्या अवघ्या 43 व्या वर्षी. त्याच्या जागी शॉन कॅनन 1982 मध्येच आला होता. 1987 मध्ये पोग्ज या पंक-लोकसंगीत बँडबरोबर केलेलं 'द आयरिश रोव्हर' ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेलं आणि पंक ऐकून वाढलेल्या पोरांना हा बँड नव्याने सापडला.

2012 मध्ये, पन्नासाव्या वर्षी, बीबीसीच्या फोक पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव मिळाला. त्याच वर्षी 5 एप्रिलला मकेना गेला. ठरलेले दौरे पुरे करून वर्षअखेरीला शीहनने 'डब्लिनर्स' हे नाव थांबवलं. उरलेले वादक 2013 पासून 'द डब्लिन लेजंड्स' या नावाने तीच गाणी घेऊन फिरू लागले.